अडवलेल्या पत्त्यांची यादी

आमच्या घरात नेट आलं ते भाडेकरूंसाठी. माझ्यासाठी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं आबा चार लोकांत नेहमी उलटंच सांगत आले.

आबा म्हणजे माझे सासरे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. कारेगावात रस्त्याकडेला त्यांचं घर होतं. एमआयडीसी वाढली तसा त्यांनी वर एक मजला चढवून चार खोल्या काढल्या. त्या खोल्यांत कंपन्यांमधली ट्रेनी इंजिनियर पोरं राहायची, कुणी बिहारचं, कुणी इंदूरकडचं. दोन हजार आठच्या सुमारास त्यांच्या हातात लॅपटॉप आले आणि जो तो विचारायला लागला, "अंकल, नेट है क्या?" समोरच्या घरवाल्यानं नेट घेतलं आणि आमची एक खोली रिकामी झाली. तेव्हा आबांनी टेलिफोनच्या ऑफिसात अर्ज दिला.

एक लाइनमन दोन कानांचा पांढरा डबा घेऊन आला. पुढच्या खोलीत, आबांच्या दिवाणाच्या वर, खिळ्याला तो अडकवला. मग म्हणाला, "कॉम्प्युटर कुणाला येतो घरात?"

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. घरात कॉम्प्युटर माझाच होता. मी दौंडची, वडील रेल्वेत. त्यांनी मला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करू दिला आणि दुसऱ्या वर्षी मशीन घेऊन दिलं. लग्नात ते माझ्याबरोबर इकडं आलं. मला बघायला आले तेव्हा आबांनी चष्मा लावून माझी मार्कशीट विषयानुसार वाचली होती आणि वडिलांना म्हणाले होते, "आम्हाला दुसरं काय नको. ही मार्कशीट आमच्या घरात येऊ द्या." वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असेल. अशा घरात जायला मिळतंय याचा मला गर्व वाटला होता.

तर लाइनमननं मला खुर्चीवर बसवलं. ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत आकडे टाकायला सांगितले, एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक, मध्ये टिंबं. एक राखाडी चौकट उघडली. नाव अॅडमिन, पासवर्डही अॅडमिन. आत राउटरचं स्वतःचं पान होतं. डावीकडं यादी, उजवीकडं रकाने. "हितनं सगळं चालतं," तो म्हणाला. "पण जास्त काय हलवू नका."

तो गेला आणि मी आठवडाभरात सगळं हलवून बघितलं. मोडायला नाही, समजून घ्यायला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मुलगी दीड वर्षाची होती, सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळं चूल, धुणं, मुलगी, आबांचं पथ्यपाणी सगळं माझ्यावर. डिप्लोमाचं काही हाताला लागेल असं त्या तीन वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. वायरलेसला पासवर्ड लावला. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत सिग्नल पोचत नव्हता, म्हणून चॅनल बदलला, डबा खिळ्यावरून काढून जिन्याच्या भिंतीला लावला. प्रत्येक मशीनला एक बारा अक्षरांचा पत्ता असतो, तो प्रत्येकाच्या लॅपटॉपवरून वहीत उतरवून घेतला. म्हणजे मी नाही उतरवून घेतला. वर जायचं नाही, असं न सांगताच ठरलेलं होतं. नवरा वर जायचा आणि मी सांगितलेलं करून यायचा.

इथं एक सांगते. समोर मी त्याला अहोच म्हणते, आजही. लिहिताना मात्र मला ते जमत नाही.

त्याला या गोष्टी येत नव्हत्या. तो कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात होता, हुशार होता, पण या पानात त्याला भीती वाटायची. म्हणून मी त्याच्यासाठी वहीत पायऱ्या लिहून दिल्या. पहिल्यांदा हे उघडा, मग तिथं जा, मग शेवटी 'सेव्ह' दाबायला विसरू नका. एकदा वरचा एक पोरगा दिवसभर सिनेमे उतरवत बसला आणि बाकी सगळ्यांचं नेट रांगायला लागलं. तेव्हा मी नवऱ्याला शेजारी बसवून दाखवलं, की एखाद्याच मशीनचं नेट कसं बंद करता येतं. फिल्टर नावाचं एक पान होतं. तिथं त्या मशीनचा पत्ता टाकायचा. मशीन जोडलेलं दिसतं, सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात, पण एकही पान उघडत नाही.

"म्हंजी त्याला कळणार बी न्हाई?" त्यानं विचारलं होतं.

"नाही कळणार. त्याला वाटेल लॅपटॉपच बिघडलाय."

तो हसला. त्या पोराचं नेट दोन दिवस बंद ठेवलं, मग तो सरळ झाला. जिन्यात दुसरा एक जण नवऱ्याला म्हणाला, "भैया, आपने मस्त सेट किया है, हमारी कंपनी से भी अच्छा." नवरा म्हणाला, "अरे, उसमें क्या है." मी दाराआड भाकरी थापत होते. मला ते लागलं, पण इतकंही नाही. मला वाटलं, घरचंच तर आहे.

पुढं पावसाळ्यात शिरूरजवळच्या एका तंत्रनिकेतनाची जाहिरात आली. कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत सहायक हवा होता, डिप्लोमा चालणार होता. मी अर्ज भरला. नवऱ्याला विचारून भरला, आबांना सांगून भरला. आबा पेपर वाचत होते. म्हणाले, "चांगलंच हाय की. आगं, शिकलेली सून पायजे म्हणून तर तुला केली. बघू, बोलवत्यात का." अर्जात लिहिलं होतं की मुलाखतीची तारीख ई-मेलनं कळवली जाईल.

साधारण दहा दिवसांनी माझ्या कॉम्प्युटरवरचं नेट बंद पडलं.

काड्या पूर्ण होत्या. मशीन जोडलेलं दिसत होतं. पान उघडत नव्हतं. वाचणाऱ्याला वाटेल, हिला तिथल्या तिथं कळायला हवं होतं. हवंच होतं. मीच तर ते शिकवलं होतं. मी राउटरचं पान उघडलंही. अॅडमिन, अॅडमिन टाकलं, तर चौकट परत आली. पासवर्ड बदललेला होता.

नवरा कामावरून आल्यावर विचारलं, "राउटरचा पासवर्ड बदललाय का तुम्ही?"

"मी कशाला बदलू? मागं लाइनमन येऊन गेला, त्यानं केला आसंल."

"मग त्याला विचारता का? माझ्या मशीनवर नेट नाहीये."

त्यानं त्याचा लॅपटॉप उघडून दाखवला. चालत होतं. "हे बघ. नेटला काय झालं न्हाई. तुझं मशीन जुनं झालंय आता."

मी म्हणाले, डब्याच्या मागं बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून दाबलं की सगळं पहिल्यासारखं होतं. तो एकदम जोरात म्हणाला, "ते करू नको. ऑफिसचं सेटिंग जाईल सगळं. लाइनमन आठ-आठ दिवस येत न्हाई. वरची पोरं बोंबलतील." त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून मी डब्याला हात लावला नाही. मला तो खोटं बोलेल असं वाटलं नाही. टेलिफोन ऑफिसवर संशय घेतला, मशीनवर घेतला, वरच्या पोरांवर घेतला. ज्याच्या ताटात रोज वाढत होते त्याच्यावर घ्यायचं सुचलं नाही.

मग मी मशीनच्या मागं लागले. मुलगी झोपली की उघडून बसायचे. धूळ काढली, रॅमची पट्टी खोडरबरानं पुसली. नेटची ती यूएसबीची कांडी एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली. काही होईना. शेवटी विंडोज नव्यानं टाकायचं ठरवलं. डिप्लोमाच्या वेळची सीडी होती. माझा प्रोजेक्ट त्या मशीनवर होता, आणि आई जायच्या आधीच्या दिवाळीत चुलतभावानं मोबाईलवर काढलेले तिचे चार फोटो. ते मी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये हलवले, आणि मग काय पुसायचं ते निवडताना घाईत त्याच ड्राइव्हवर खूण राहिली. सगळं पुसलं गेलं. कोरं मशीन सुरू झालं. काड्या पूर्ण, पान बंद.

त्या दिवशी मी रडले. नवरा आला, त्याला सांगितलं, आईचे फोटो गेले. तो माझ्या शेजारी बसला. पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे," म्हणाला. "व्हतं आसं." त्या क्षणी त्याला सगळं माहीत होतं. हे मला नंतर कळलं, आणि दुसरं काही विसरले तरी तो पाठीवरचा हात विसरता येत नाही.

ई-मेलचं काय करायचं? कारेगावात सायबर कॅफे होता, पण तिथं शिफ्ट सुटलेल्या माणसांची गर्दी, आणि एकटीनं तिथं जाऊन बसणं आबांना आवडलं नसतं. नवरा लॅपटॉप कंपनीत घेऊन जायचा. तोच म्हणाला, "तुझा मेलचा पासवर्ड दे, मी रोज बघत जाईन." मी एका चिठ्ठीवर लिहून दिला. रोज चहा देताना विचारायचे, "आलं का काही?" तो म्हणायचा, "न्हाई अजून." काही दिवसांनी मी विचारणं सोडलं. वाटलं, नाही बोलावलं. आपल्यापेक्षा चांगले मार्कवाले असतील.

भाद्रपद संपता संपता खुटबावला आबांचे एक नातेवाईक वारले. आबा मातीला गेले. नवरा पहिल्या पाळीला होता. घरात मी आणि मुलगी. दुपारी सगळं आवरून मी पुन्हा ते राखाडी पान उघडलं, आणि पासवर्ड ओळखायचा ठरवलं. लाइनमननं बदलला असेल तर टेलिफोनचा नंबर असेल, म्हणून तो टाकला. नाही. ऑफिसचं नाव टाकलं. नाही. मग हात थोडा थांबला. मी नवऱ्याच्या गाडीचा नंबर टाकला. नाही. त्याचा मोबाईल. मुलीचं नाव. नाही. मला हलकं वाटायला लागलं, की बरं झालं, हे त्याचं काम नव्हे. सहज म्हणून शेवटचा एक टाकला. लग्नानंतर पहिल्या वर्षी तो मला एका नावानं हाक मारायचा. घरात कुणाला माहीत नव्हतं. मुलगी झाल्यावर ती हाक बंद झाली होती.

पान उघडलं.

फिल्टरच्या यादीत एकच ओळ होती. बारा अक्षरं. मला वही काढावी लागली नाही, माझ्या मशीनचा पत्ता मला पाठ होता. पायऱ्या बरोबर केलेल्या होत्या, मी लिहून दिल्या तशाच, 'सेव्ह' दाबायलाही तो विसरला नव्हता.

मी ती ओळ पुसली. मेल उघडली. तंत्रनिकेतनाचं पत्र वरून सहावं होतं. न वाचलेली पत्रं जाड अक्षरांत दिसतात. हे बारीक अक्षरांत होतं. कुणीतरी ते उघडून वाचलेलं होतं, आणि ते वाचणारी मी नव्हते. मुलाखतीची तारीख अठरा दिवसांपूर्वी होऊन गेली होती. मूळ प्रमाणपत्रं घेऊन अकरा वाजता हजर राहावे, असं लिहिलं होतं. मी तारखेवर विचार करत बसले, त्या दिवशी आपण काय करत होतो. काहीच आठवलं नाही. नेहमीसारखाच दिवस असणार.

मी पुढच्या खोलीत जाऊन तंत्रनिकेतनात फोन लावला. क्लार्क बाई होत्या. म्हणाल्या, "मॅडम, जागा भरली. तुम्हाला मेल गेली होती की. तुमचं नाव यादीत वर होतं."

नवरा चारच्या बसनं आला. त्याच्या मागोमाग आबाही खुटबावहून आले, अंघोळ करून दिवाणावर बसले. मी दोघांसमोर उभी राहिले.

"तुम्ही वाचलंत ना ते पत्र?"

नवऱ्यानं जेवणाच्या डब्याची पिशवी खाली ठेवली. "कुठलं?"

"माझं. तंत्रनिकेतनाचं. आणि माझं मशीन यादीत कुणी टाकलं?"

तो आबांकडं बघायला लागला. त्या बघण्यातच सगळं उत्तर होतं. आबा मात्र जराही गडबडले नाहीत. हेडमास्तर होते ते. वर्गात उशिरा आलेल्या पोराला समजवावं तसं बोलले.

"म्या सांगितलं त्याला. पोर केवढीशी हाय. तिला कोण बघणार? आन् दुसरं, वर सगळी बाहेरची पोरं. त्यांचं आन् तुझं नेट एकच. एकाच डब्यातनं सगळं जातंय. कोण काय लिहितंय, कुणाला लिहितंय, काय कळतं का आपल्याला? उद्या गावात कोण बोललं तर?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि कान तापले. ज्या पोरांची तोंडंही मी धड बघितली नव्हती, त्यांच्याशी माझं नाव जोडून झालं होतं, घरातच, आणि कारण काय तर डबा एक होता.

"आबा, तुम्ही दर जयंतीला विहारात उभं राहून मुलींच्या शिक्षणावर बोलता."

"ते बोलायलाच लागतं," ते म्हणाले. "शिक म्हणलं. आता शिकलीस की."

नवरा म्हणाला, "मी थोडे दिवसच म्हणलो होतो. मुलगी जरा मोठी झाली की..."

"आणि फोटो गेले तेव्हा?"

त्यानं पिशवीतून जेवणाचा डबा काढला, मोरीत नेऊन ठेवला, आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी एक गोष्ट केली. शहाणपणाची नव्हती. राउटरचा पासवर्ड बदलला आणि वहीतले सगळेच्या सगळे पत्ते त्या यादीत टाकले. नवऱ्याचा लॅपटॉप, वरची चारही मशीनं. माझं तेवढं ठेवलं. संध्याकाळपर्यंत पोरं जिन्यात उभी. "अंकल, नेट नहीं आ रहा." नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "पासवर्ड दे," म्हणाला. मी कणीक मळत राहिले. "दे की. तमाशा व्हतोय." मी म्हणाले, "लॅपटॉप जुना झाला असेल तुमचा."

एवढंच एक वाक्य त्या सगळ्या प्रकरणात माझ्या वाट्याला आलं. ते बोलून बरं वाटलं, नाही म्हणत नाही. पण ते एका दिवसापुरतंच. सकाळी आबांनी ओळखीनं लाइनमनला बोलावून घेतलं. तो आला, खिशातून टाचणी काढली, मागच्या भोकात घालून दहापर्यंत मोजलं. दिवे विझून परत लागले. माझी सगळी मेहनत, माझी यादी, चॅनल, पासवर्ड, पहिल्यासारखं कोरं. ऑफिसचं नाव-पासवर्ड त्यानं भरलं आणि म्हणाला, "बाकीचं वायरलेसचं तुमचं तुम्ही करून घ्या. आधी कुणी केलं होतं? चांगलं केलं होतं."

"पोरानंच," आबा म्हणाले.

लाइनमन गेला. नवरा खुर्चीत बसला, वही उघडली, आणि पहिल्या पायरीवरच अडला. आबा पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते. मी ओट्याजवळ उभी राहून ऐकत होते, तो चुकीच्या ठिकाणी दाबतोय, मागं येतोय, पुन्हा दाबतोय. वरून एक पोरगा जिना उतरून आला आणि परत गेला. शेवटी मीच जाऊन त्याला उठवलं आणि बसले. का बसले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. दौंडला निघून गेले असते तर? वडिलांना नुकताच पहिला झटका येऊन गेला होता, भावाचं लग्न ठरत होतं. आणि खरं सांगायचं तर, कुणी चुकीचं करत असलेलं मला बघवत नव्हतं. अर्ध्या तासात सगळं लावून दिलं. पासवर्ड मात्र मी माझ्याकडंच ठेवला. कुणी मागितला नाही.

दोन वर्षांनी शिरूर गावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मला काम मिळालं. या वेळी मी कुणाला विचारलं नाही. मुलगी बालवाडीत जायला लागली होती. सकाळी तिला सोडायची आणि शिरूरची एसटी पकडायची. आबा चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्यांना ते सांगत होते, "आमची सून शिकवायला जाती. तिच्यासाठी तवाच नेट घेतलं होतं आपण, कारेगावात पहिलं." पुढं जयंतीच्या सभेत त्यांचा सत्कार झाला, त्यातही ते हेच बोलले. मी बायकांच्या रांगेत बसले होते. शेजारणीनं मला कोपर मारलं, म्हणाली, "नशीबवान हायेस बघ." मी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

तंत्रनिकेतनातली ती जागा माझ्यासारख्याच डिप्लोमावाल्या एका मुलीला मिळाली होती. ती पुढं कायम झाली, असं कळलं. मी मात्र क्लासमधून क्लासमध्ये फिरत राहिले. प्रत्येक ठिकाणी नव्या बॅचला माउस कसा धरायचा, तिथून सुरुवात.

नवऱ्यानं तो विषय एकदाच काढला. माझ्या वडिलांना पुन्हा झटका आला तेव्हा आम्ही मोटारसायकलवर दौंडला निघालो होतो. न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या गाड्यांमागं अडकलो, तेव्हा त्यानं गाडी हळू केली आणि मान थोडी वळवून म्हणाला, "ते मेलचं तवाचं... मी सांगायला पायजे व्हतं तुला."

मी किती वर्षं याची वाट बघितली होती. काय काय बोलायचं हेही ठरवून ठेवलं होतं. पण त्या वेळी माझं लक्ष वडिलांकडं होतं, दवाखान्यात कोण थांबलं असेल, औषधांची फाईल घेतली का नाही. तो बोलला आणि आत काहीच हललं नाही.

"पुढचा ट्रॅक्टर वळतोय," मी म्हणाले. "काढा गाडी."